दोन उजव्या बाजू

फिजिओथेरपीच्या मॅडमनी प्रत्येक आईच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली. एक भुवईवर, वरून खाली दाबून. एक डोळ्याखालून कानाकडे. तिसरी ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीखाली ओढून, म्हणजे काही केलं तरी कोपरा खालीच राहील. मग त्यांनी कागदी पेल्यांतून पाणी वाटलं.

“प्या,” त्या म्हणाल्या, “आणि मग एकमेकींशी गप्पा मारा. मुलं बघतायत, तेव्हा जरा बऱ्या गप्पा मारा.”

पाच जणी होत्या. रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ही खोली पूर्वी चादरींचं कोठार होती. भिंतींना अजून साबणाचा वास येई. एका भिंतीवर मुलांच्या उंचीला लांबलचक आरसा लावला होता. उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाला त्यात स्वतःचं फक्त पोट आणि हात दिसत. त्या आरशासमोर मुलं ओळीने बसली होती आणि आरसा सोडून मागे वळून आपापल्या आईकडे बघत होती.

पाणी प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. त्यांतली एक बस कंडक्टर होती. तिच्या मांडीवर काही महिन्यांचा मुलगा होता. जन्मताना त्याला चिमट्याने ओढून काढावं लागलं आणि तेव्हापासून त्याचा एक गाल ढिला होता. तिने पेला खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात ओरडून बघितलं, “पुढे चला, पुढे चला!” ओठ मिटेनात, त्यामुळे ते “हुढे चला” असं काहीतरी झालं.

“अगं बाई,” ती म्हणाली, “अशानं माझी बस डेपोतच राहील की!”

सगळ्या हसल्या, एका बाजूने, आणि एकमेकींची तोंडं बघून आणखी हसल्या.

गोटीची आई हसली नाही. पाणी तिच्या मानेवरून आत उतरलं होतं. सहा वर्षांची गोटी गेले तीन आठवडे प्रत्येक घोट असा पीत होती, आणि आपण तिला म्हणत होतो, नीट पी, अंगावर सांडू नकोस.

पट्ट्या काढल्यावर मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या मधोमध बसल्या. चेहऱ्याची नस म्हणजे एक तार नसते, त्यांनी सांगितलं, ती हजारो बारीक तारांची जुडी असते. गोटीच्या कानातला संसर्ग आत गेला, नस सुजली आणि हाडाच्या अरुंद नळीत चेपली गेली. आता तारा पुन्हा वाढतील. मुळाकडून, अगदी सावकाश.

“तोवर काय करायचं?” गोटीच्या आईने विचारलं.

“तोवर डोळा सांभाळायचा. तो मिटत नाही, म्हणून कोरडा पडतो. दिवसा थेंब, झोपताना पट्टी. गाल हलक्या हाताने चोळायचा. बाकी काही नाही.”

“व्यायाम?”

“जी बाजू हलतच नाही तिला कसला व्यायाम? हलायला लागली की लगेच घेऊन या, मी शिकवीन. तेव्हासुद्धा हळू, लहानसं, आणि थकायच्या आत थांबायचं. जोर लावायचा नाही. फुगे नाहीत, च्युइंगगम नाही, ‘मोठ्ठं हास बघू’ नाही. आणि आरसा मुलासमोर ठेवून तुम्ही शेजारी बसा. समोर बसलात की तुम्ही आई राहत नाही, परीक्षक होता.”

“पण किती दिवस?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“अंदाजे तरी?”

“जे यायचं ते बरंचसं पहिल्या वर्षात येतं. नंतर फार थोडं.”

गोटीच्या आईने सगळं ऐकलं होतं. घरी मात्र ती एवढंच एक वाक्य घेऊन गेली.

ती फोटो स्टुडिओत काम करत असे. सरकारी कचेरीच्या समोरचं दुकान. बहुतेक गिऱ्हाइकं ओळखपत्राच्या फोटोसाठी येत. “सरळ बघा. हनुवटी थोडी वर. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसू नका.” दिवसभर तिच्या तोंडी हेच. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा कधीच नसतो हे तिच्याइतकं क्वचित कुणाला माहीत असेल. एक भुवई वर असते, एक नाकपुडी मोठी असते, आणि हे त्या माणसाला स्वतःला ठाऊक नसतं. पडद्यावर चेहरा मोठा करून मधोमध उभी रेघ टाकली की तिला ते लगेच दिसे. आता ती घरी आल्यावर गोटीच्या चेहऱ्यावरसुद्धा तशी रेघ पडे. जेवताना, खेळताना, झोपेत. ती रेघ तिला पुसता येईना.

गोटीला सुरुवातीला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. झोपताना डोळ्यावर पट्टी लागली की ती समुद्री चाचा होई आणि बिछान्यावरून उडी मारून आत्याला लुटी. ही आत्या गोटीच्या बाबांची धाकटी बहीण, बेकरीच्या गल्ल्यावर बसणारी, जिभेला हाड नसलेली. दुखण्याचं कारण तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “खिडकी उघडी टाकून झोपवलंस ना वहिनी, वारं लागलं. डॉक्टर लोक काय, काहीही नाव देतात.” पण चाचाला घाबरून अंथरुणात तोंड खुपसणारीही तीच होती.

मग शाळा सुरू झाली.

शाळेच्या वर्गांचे फोटो दरवर्षी त्याच स्टुडिओत छापायला येत. त्या दुपारी गोटीच्या वर्गाचा फोटो तिच्यासमोर आला. प्रकाश ठीक करता करता ती तिसऱ्या ओळीपर्यंत पोचली. सगळी मुलं समोर बघत होती. गोटी एकटी बाजूला बघत होती, फळ्याकडे, जणू कुणी तिला तिकडून हाक मारली होती. डावा गाल पूर्ण लपला होता. शेजारच्या मुलीच्या वेणीमागे तिने तो बरोबर बसवला होता. कुणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं होतं.

तिने तो फोटो बंद केला, पुन्हा उघडला आणि उरलेला दिवस तिच्याकडून एकही काम धड झालं नाही.

स्टुडिओत जुने फोटो दुरुस्तीला येत. कसर लागलेले, पाण्याने चिकटलेले. आजोबांचा अर्धा चेहरा कसरीने खाल्लेला असला की उरलेला अर्धा घ्यायचा, उलटा करायचा आणि खाल्लेल्या जागी बसवायचा. लोक तो फोटो बघून डोळे पुसत आणि म्हणत, अगदी असेच दिसायचे हो. कुणी कधी तक्रार केली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने गोटीला स्टुडिओत आणलं, दिव्यांसमोर स्टुलावर बसवलं आणि दिवसभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगायची तेच तिला सांगितलं.

“हास. मोठ्ठं हास. अजून. सगळे दात दाखव.”

गोटी हसली. उजवा कोपरा कानाकडे गेला, डावा जागच्या जागी राहिला. आईने उजवा अर्धा घेतला, उलटा केला, शेजारी बसवला. जोड दिसू नये म्हणून नाकाच्या शेंड्यावर थोडं काम करावं लागलं. छापून निघाला तेव्हा कागद कोमट होता.

घरी तिने तो आरशाच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवला.

“ही बघ. तू बरी झालीस की अशी दिसणार.”

गोटीने बराच वेळ बघितलं. तिच्या उजव्या गालावर, कानाजवळ, एक तीळ होता.

“हिला दोन तीळ आहेत,” ती म्हणाली.

“तीळ सोड गं, हसू बघ.”

“मला एकच आहे.”

“माहितेय मला. मीच जन्म दिलाय तुला.”

“मग ही कोण?”

“तूच.”

गोटीला ते पटलं नाही. तिने त्या मुलीचं नाव ठेवलं दोनतिळी.

दोनतिळीसमोर रोज बसायचं ठरलं. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी आई आली की लगेच, झोपायच्या आधी पुन्हा. आई समोर बसे, कारण शेजारून दोन्ही कोपरे नीट दिसत नसत. गोटीने हसायचं, आईने दहापैकी गुण द्यायचे. आधी दोन, मग कधी तीन. आरशाखाली एक डबा आला. त्यात फुगे, स्ट्रॉ, शिट्टी.

“वहिनी, हिला सर्कशीत घालायचा विचार आहे का?” आत्याने दारातून विचारलं. “सांग तसं. मी तिकिटं विकायला बसते.”

“तू तुझ्या पावांकडे बघ.”

“माझे पाव आपणहून फुगतात बाई. त्यांना मी समोर बसून दम देत नाही.”

गोटी फस्सकन हसली. आई चटकन म्हणाली, “थांब, तसंच ठेव. चार! बघ, आलं ना? आता पुन्हा कर.” पण ते पुन्हा येईना. गोटीने प्रयत्न केला, मान ताणली, खांदे वर गेले, उजवा गाल थरथरायला लागला.

“लक्ष कुठे आहे तुझं?” आई म्हणाली. “तिच्याकडे बघ. अजून ओढ. असं नाही. अजून.”

गोटीचे बाबा पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रावर पाळ्यांमध्ये काम करत. ते घरी असले की सगळे जागे असताना झोपत आणि सगळे झोपले की जागे असत. एकदा चहाचा कप हातात घेऊन ते आरशाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “राहू दे ना तिला थोडं. दमलीय.”

“मीही दमलेय,” ती म्हणाली. “वर्ष थांबणार आहे का आपल्यासाठी?”

त्यांनी कप विसळून पालथा घातला आणि ते कामावर गेले.

तपासणीची तारीख आली आणि गेली. दुकानात गर्दी होती, हे खरंच होतं. पण गेलो तर मॅडम म्हणणार, वाट बघा, आणि ते ऐकायची आता आपल्यात ताकद नाही, हेही खरं होतं.

थंडी संपता संपता डाव्या कोपऱ्याने पहिली हालचाल केली. दोरा ओढल्यासारखी, एवढीशी. आईने गोटीला उचलून छातीशी धरलं आणि ती इतकी रडली की गोटीच घाबरली. “दुखतंय का तुला?” तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या होत्या, हलायला लागली की लगेच घेऊन या. आईने ठरवलं, जरा नीट येऊ दे, मग दाखवू. अर्धवट काम घेऊन जाण्यात काय अर्थ.

आणि मग डोळा.

गोटी फुगा फुगवत होती. गाल फुगले, ओठांचा चंबू झाला आणि इतके महिने टक्क उघडा राहिलेला डावा डोळा बारीक झाला. “पुन्हा फुंक.” पुन्हा तेच. ओठ पुढे आले की पापणी खाली येत होती.

त्या दिवसापासून हसण्याचे गुण थांबले आणि डोळ्याचे सुरू झाले. फुंकर मार, डोळा मिटव. जोरात फुंक, पूर्ण मिटेल. गोटी शहाणी मुलगी होती. शाळेतून येताना रस्त्यावरसुद्धा ती तोंडाचा चंबू करून चाले. काही आठवड्यांत डोळा असा घट्ट मिटायला लागला की पापण्यांमधली फटसुद्धा दिसेना. हसतानाही मिटे. आईला वाटलं, छानच, लोकांचे डोळे हसताना बारीक होतातच की. तिने एका रात्री पट्टी लावलीच नाही. सकाळी डोळा लाल होता. पण तो धुळीने झाला असेल.

ती मॅडमच्या वर्गाला निघाली तेव्हा आत्याने बेकरीतून बिस्किटांचा मोठा पुडा आणून दिला. “सगळ्यांना वाट. आणि त्या मॅडमना दोन जास्त दे. त्यांचं काम तू करून नेतेयस म्हणावं.”

वर्गात दोन नव्या आया होत्या, बाकी त्याच. कंडक्टरबाईचा मुलगा आता धरून उभा राहायला लागला होता. गोटीच्या आईने पुडा फोडला, सगळ्यांना वाटला, मग गोटीला मधोमध उभं केलं. दिव्यांसमोर करायची तसे तिचे खांदे सरळ केले.

“दाखव.”

गोटीने चंबू केला. डावा डोळा गच्च मिटला.

“मिटतो!” आई म्हणाली. “मॅडम, डोळा मिटतो!”

एका नव्या आईने टाळ्या वाजवल्या. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि गोटीसमोर खाली बसल्या.

“गोटी, आता फुंकर नको. ओठ अगदी सैल. फक्त डोळे मिट.”

गोटीने मिटले. उजवा मिटला. डाव्याच्या पापण्यांमध्ये पांढरी फट राहिली.

“शाब्बास. आता डोळे उघडे ठेव आणि ओठ पुढे आण. डोळे माझ्याकडे.”

गोटीने ओठ पुढे आणले. डोळा मिटला. तिने उघडायचा प्रयत्न केला, कपाळाला आठी घातली, तरी मिटलेलाच. “तो ऐकत नाही,” ती म्हणाली. मग मदत व्हावी म्हणून, “फुंकर मारली की छान होतं. दोनतिळीसारखं.”

“दोनतिळी कोण?”

मग आईने पिशवीतून आरशावरचा फोटो काढला. तो ती बरोबर घेऊन आली होती, मॅडमना दाखवायला, की हे आमचं ध्येय.

मॅडमनी तो हातात घेतला. बघितला. गोटीकडे बघितलं. मग गोटीला म्हणाल्या, “तू बाळाला खुळखुळा वाजवून दाखवतेस का?” आणि गोटी कंडक्टरबाईकडे गेल्यावर खुर्ची आईच्या जवळ ओढली. त्यांचा आवाज इतका हलका होता की आईला पुढे वाकावं लागलं.

“तारा परत येताना कधीकधी वाट चुकतात. ओठाला जायची तार डोळ्याला जाऊन लागते. मग ओठ हलवायचा हुकूम निघाला की डोळाही मिटतो. हा डोळा मिटणं नाही. हसताना, खाताना, ‘प’ म्हणताना, प्रत्येक वेळी हा डोळा असा बंद होईल. आणि झोपेत, जेव्हा मिटायला हवा, तेव्हा उघडा राहील. बघा, लाल आहे.”

आईने मान हलवली. हलवतच राहिली.

“आणि हा फोटो.” मॅडमनी तो मांडीवर उताणा ठेवला. “तुम्ही उजवी बाजू बरी समजून घेतलीत. ती बरी नाही. डावी साथ देत नाही म्हणून ती नको इतकी ओढते. आपल्याला तिलाच आधी शांत करायचं असतं. इथे तर दोन्ही बाजूंनी तेवढंच ओढलंय. असं कुणीच हसत नाही.”

“मी केलं का हे?”

“तारा चुकणं तुमच्या हातात नव्हतं. थोडं कदाचित झालंच असतं.”

“आणि बाकीचं?”

“जोराने ते पक्कं होतं.”

“किती माझ्यामुळे? अर्धं? जास्त?”

“मला सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुणालाच येणार नाही.”

तिने ओरडा खाल्ला असता तर बरं झालं असतं. आकडा मिळाला असता तरी बरं झालं असतं, कितीही मोठा. हे असं उघडं ठेवून जन्मभर कसं राहायचं, तिला कळेना. बिस्किटाचा एक तुकडा तिच्या ओढणीवर पडला होता. तो तिने उचलून मुठीत धरला.

“जाईल का?”

“कमी होऊ शकतं. पूर्ण गेलेलं मी फार थोड्या मुलांत पाहिलंय. आता सगळं बंद करायचं. आरसा बंद, फुगे बंद. घरात ‘हास’ हा शब्द नको. नंतर आपण ओठांची इतकी लहान हालचाल शिकू, की डोळ्याला पत्ताच लागणार नाही. तिथून पुढे. पण तिने न घाबरता केली तरच ते जमेल. ती तुमच्याकडे बघून हलते, मी बघत होते. म्हणून तुम्हालाही एक काम आहे. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. डोळ्यांत बघायचं.”

“मला ते येत नाही हो आता,” आई म्हणाली.

कंडक्टरबाईने बाळ गोटीच्या मांडीवर ठेवलं आणि ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, “दुसरं बिस्कीट खा. चुरा करून टाकलास त्याचा.”

घरी जाताना बसमध्ये गोटी खिडकीशी बसली होती. काचेत तिचा चेहरा दिसत होता. तिने एकदा चंबू केला, मग चोरी पकडल्यासारखी आईकडे वळली.

“मी नापास झाले का?”

“नाही गं.”

“मग मॅडम खूश का नाही झाल्या?”

बस थांबली, चालली, पुन्हा थांबली. गोटीने उत्तराची वाट बघायचं सोडून दिलं.

फोटो फाडता येईना. गोटीच्या चेहऱ्याचा कागद होता शेवटी. अर्धा का होईना, तिचाच. आईने तो कपाटात कपड्यांखाली घातला. आरशाच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा चौकोन राहिला, नखाने खरवडूनही गेला नाही.

“दोनतिळी कुठे गेली?” गोटीने विचारलं.

“गेली.”

“मला जमलं नाही म्हणून?”

“नाही. ती चुकीची होती. मी चुकीची केली होती.”

गोटीने चौकोनावर बोट फिरवलं. तिला यावर विश्वास ठेवायचा होता, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. मोठी माणसं चूक केली म्हणतात तेव्हा त्यांना दुसरंच काही म्हणायचं असतं हे मात्र तिला एव्हाना कळू लागलं होतं.

घरात ‘हास’ हा शब्द बंद झाला. गोटीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. ती हसायचीच बंद झाली. आत्या पुष्कळ गमती सांगे; गोटी ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून ऐके, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी. जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. चाचा पट्टी लावून निमूट झोपू लागला. समोरून बघायचं नाही म्हणून आई शेजारी बसे, आणि शेजारी बसूनही तिची नजर रेघेवर जाई. मग ती डोळे मिटून घेई. तेही गोटी बघत असे.

एका संध्याकाळी आत्या बेकरीतून आली ती डोक्यावर, कानांत, भुवयांत पीठ घेऊन. गोदामातलं पोतं अंगावर फुटलं होतं. ती दारात उभी राहिली आणि गंभीरपणे म्हणाली, “वहिनी, मला आता सरळ भट्टीत घाल. मळायचं तेवढं झालंय.”

गोटी हसली. अगदी आतून, आवाज करून. उजवा कोपरा वर गेला, डावा थोडा मागून आला, डावा डोळा गच्च मिटला. मग एकदम तिचा हात गालावर गेला आणि ती आईकडे वळली.

“किती?”

आई तोंडाकडेच बघत होती. तिला कळलं की ती तोंडाकडेच बघत होती.

“मी मोजलं नाही,” ती म्हणाली.

गोटीने हात काढला नाही. “म्हणजे कमीच,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

आत्या पिठासकट खाली बसली.

झोपायच्या वेळी आईने डोळ्याची कागदी चिकटपट्टी आणली. गोटी बिछान्यावर पाठ करून पडली होती. आई आरशासमोर जमिनीवर बसली आणि पट्टीचा एक तुकडा तिने स्वतःच्या भुवईवर लावला. एक डोळ्याखालून कानाकडे. तिसरा ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीखाली, जोरात ओढून. मग तांब्यातून पाणी प्यायली. ते हनुवटीवरून गळ्यावर आलं.

आवाज ऐकून गोटी वळली.

“काय करतेयस?”

“हिऊन वघतेय,” आई म्हणाली. ओठ मिटत नव्हते; पिऊन बघतेय म्हणायचं होतं.

गोटी उठून आली. आईच्या समोर बसली. अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. डोकं तिरकं करून तिने आईचा चेहरा तपासला.

“हास,” ती म्हणाली.

आई हसली.

“मोठ्ठं. अजून.” गोटीचा आवाज शांत होता आणि तो तिचा नव्हता. “असं नाही. डावीकडून पण. लक्ष कुठे आहे तुझं? अजून ओढ.”

आईने ओढलं. पट्टीखाली गाल जळजळला. उजवा गाल थरथरायला लागला. थांबू का, असं तिने विचारलं नाही, कारण गोटीनेही कधी विचारलं नव्हतं.

“तीन,” गोटी म्हणाली. थोडा विचार करून तिने बदललं. “अडीच. उद्या परत.”

मग तिने आईच्या चेहऱ्यावरच्या पट्ट्या काढायला घेतल्या. एकदम ओढल्या नाहीत. मॅडमनी शिकवलं होतं आणि आई रोज सकाळी तिच्या डोळ्याची काढायची तसंच, कातडीवर एक बोट दाबून धरून, कडेने हळूहळू सोडवत. पट्टी निघाल्यावर तिथली जागा लाल झाली होती. तिथे गार वाटावं म्हणून गोटीने ओठ पुढे आणले आणि हलकीच फुंकर घातली.

आई तिच्या डोळ्यांत बघत होती. डावा डोळा बारीक झाला, मग मिटला. आईने नजर खाली नेली नाही. तो उघडेपर्यंत ती तिथेच बघत राहिली.